कर्नल ट्रेसिंग चालू असेल तरच मरणारा प्रोग्रॅम

शून्यपत्ता | सोमवार, २३:४१

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एका बगने जीव खाल्लाय. टीममधले लोक आता "आली पुन्हा तेच घेऊन" अशा नजरेने बघतात, म्हणून इथे मांडते.

लिनक्स, एक्स८६-६४. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९ वर आधारलेलं, वर आमचे थोडे पॅच. आठ कोअरचं मशीन. त्यावर एकच मोठी सर्व्हिस: नेटवर्कवरून आलेला डेटा बफरात भरायचा आणि पुढे ढकलायचा. मधूनच लेटन्सी उसळते, ती का हे शोधायला दर पाच मिनिटांनी दहा सेकंद पर्फ (लिनक्सचं मोजमापाचं साधन) चालवतो. कर्नलमधले एक-दोन ट्रेसपॉइंट (कोडमधली नोंद घ्यायची ठरलेली ठिकाणं), कॉलचेनसकट, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली त्या साखळीसकट.

दोन-तीन दिवसांतून एकदा सर्व्हिस सेगफॉल्ट (आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावल्याची शिक्षा) होऊन मरते. बहुतेक वेळा त्या दहा सेकंदांतच. पर्फ बंद ठेवून दोन आठवडे चालवली तर ठणठणीत. आतापर्यंत चार बळी गेलेत. कर्नल लॉगमध्ये सेगफॉल्टचे पत्ते असे (हेक्स): १८४०, ३९८०, १८, ७२००. कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची प्रत) जपून ठेवलेत, पण जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस मागितला की नुसता कचरा येतो.

क्यूईएमयूमध्ये (आभासी मशीनवर) तेच कर्नल, तीच सर्व्हिस, तीच पर्फची स्क्रिप्ट. आठ दिवस झाले, एकदाही मेली नाही.

ट्रेसिंग नुसतं बघतं ना? मग नुसत्या बघण्याने प्रोग्रॅम मरतो कसा? आणि हा बग हुकमी घडवून कसा आणायचा?

टिंबटिंब | सोमवार, २३:५२

शीर्षकात "कर्नल", "ट्रेसिंग" आणि "मरणारा" वाचून लष्करी हेरकथा असेल म्हणून धावत आलो. आलोच आहे तर बसतो. (रुमाल)

मेमरीवाला | मंगळवार, ००:१०

रॅम. दोन-तीन दिवसांतून एकदा म्हणजे रॅमच. रात्रभर मेमटेस्ट लावा.

शून्यपत्ता | मंगळवार, ००:१४

@मेमरीवाला, दोन वेगवेगळ्या मशीनवर मेलीय. दोन्हीकडे ईसीसी (चुका स्वतः पकडणारी) रॅम, लॉग स्वच्छ. मेमटेस्टही झाला.

अर्धा_बाइट | मंगळवार, ०७:३०

पत्ते बघा की. चारही इवलेसे. कुणीतरी नल पॉइंटरवरून स्ट्रक्टचं फील्ड वाचतंय. शून्य अधिक ऑफसेट, झाला पत्ता तयार. कर्नलचा काही संबंध नाही, पर्फमुळे टायमिंग बदलतं आणि तुमचीच रेस (दोन थ्रेडांची आपसातली शर्यत) उघडी पडते. चोर घरातच आहे.

उलटतपासणी | मंगळवार, ०८:०५

@अर्धा_बाइट, १८ ला तुमचं म्हणणं पटतं. पण हेक्स ७२०० म्हणजे २९,१८४ बाइट. एवढ्या ऑफसेटवर फील्ड असलेलं स्ट्रक्ट कोण लिहितं?

अर्धा_बाइट | मंगळवार, ०८:११

आमच्याकडे या एकदा. दाखवतो.

फुकटसल्ला | मंगळवार, ०९:२०

पेज फॉल्ट हँडलरमध्ये प्रिंटके (कर्नलमधून लॉगला ओळ लिहिणारं फंक्शन) टाका, सिरियल कन्सोल जोडा, बघत बसा. आम्ही असेच बग काढत आलो.

रिंगमास्तर | मंगळवार, १०:०२

@फुकटसल्ला, ऐंशी अक्षरांची एक ओळ ११५२०० बॉडने बाहेर पडायला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात. पेज फॉल्ट हजारोंनी होतात. तुम्ही प्रिंटके टाकलं की सर्व्हिस इतकी रांगेल की बग होणारच नाही, आणि सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तुम्ही तिकीट बंद कराल. काही टाकायचंच असेल तर ट्रेस_प्रिंटके टाकावं, ते रिंग बफरात लिहून मोकळं होतं.

शून्यपत्ताताई, बॅकट्रेस सोडून द्या. मला तीन गोष्टी हव्यात. लॉगच्या ओळीत शेवटी "एरर" म्हणून आकडा असतो, तो. आयपीच्या (चालू सूचनेचा पत्ता धरणाऱ्या रजिस्टरच्या) पत्त्यावर नेमकी कोणती सूचना आहे, डिसअसेंबल करून. आणि त्या क्षणीची सगळी रजिस्टरं.

जुनं_खोड | मंगळवार, ११:४५

"ट्रेसिंग नुसतं बघतं ना?" या वाक्यावर हसू आलं. राग मानू नका, एक जुनी गोष्ट सांगतो.

२००८, कर्नल २.६.२७ च्या आरसी (प्रकाशनाआधीच्या) आवृत्त्या चालू होत्या. इंटेलची ई१०००ई नेटवर्क कार्डं धडाधड मरू लागली. मरू लागली म्हणजे कार्डावरच्या एनव्हीएममधला (कायमच्या मेमरीतला) मजकूरच उडायचा, रीबूट करूनही कार्ड उठेना. सगळे ड्रायव्हरच्या मागे लागले, साहजिकच. ड्रायव्हरमध्ये कुलपं घातली, एनव्हीएमला लेखनबंदी केली. शेवटी निघालं काय? एफट्रेस, कर्नलचंच ट्रेसिंगचं साधन.

तेव्हाचं डायनॅमिक एफट्रेस फंक्शनांच्या तोंडाशी असलेल्या ट्रेसिंगच्या हाकांचे पत्ते लिहून ठेवायचं आणि नंतर निवांत तिथे नॉप (काहीच न करणारी सूचना) भरायचं. मॉड्यूलचा सुरुवातीपुरता लागणारा कोड मधल्या काळात मेमरीतून गेलेला असे, पण यादीत त्याचा पत्ता तसाच. त्याच आभासी पत्त्यावर आता कार्डाचं फ्लॅश मॅप झालेलं. एफट्रेस अगदी काळजीपूर्वक "आधी जुना मजकूर जुळतो का बघू, जुळला तरच लिहू" असं कंपेअर-एक्स्चेंज करायचं. पण ही सूचना तुलना फसली तरी लेखनाची फेरी करतेच, वाचलेलंच परत लिहिते. साध्या मेमरीत याने काही बिघडत नाही. फ्लॅशमध्ये बिघडतं. २.६.२७.१ मध्ये डायनॅमिक एफट्रेस चक्क बंद करून टाकावं लागलं होतं.

तेव्हा कुंपणाने शेत खाल्लं होतं. तुमच्याकडेही कुंपणाकडे आधी बघा.

वाचनमात्र | मंगळवार, ११:५०

जबरी किस्सा. वाखु साठवली.

नवखी | मंगळवार, १२:३१

बावळट प्रश्न असेल, पण पेज फॉल्ट म्हणजे चूक ना? मग रिंगमास्तर "हजारोंनी होतात" असं इतकं शांतपणे कसं म्हणतात?

शुद्धलेखक | मंगळवार, १२:४०

याला कारण "फॉल्ट" हा शब्दच. मराठीत "पृष्ठदोष" वगैरे करून आपण घोळ आणखी वाढवतो.

टिंबटिंब | मंगळवार, १२:४३

पृष्ठदोष म्हणजे पाठदुखी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या सगळ्यांना आहे.

शुद्धलेखक | मंगळवार, १२:५८

विनोद राहू द्या. "पान-गैरहजेरी" म्हटलं तर? हजेरी घेताना पान जागेवर नाही, शिपायाला पाठवून बोलावून घेतलं, हजेरी पुढे चालू. यात दोष कुणाचाच नाही.

रिंगमास्तर | मंगळवार, १३:२०

शब्द आवडला. @नवखी, तसंच असतं. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा कर्नल फक्त वहीत नोंद करतं, खरं पान देत नाही. प्रोग्रॅम त्या पानाला पहिल्यांदा हात लावतो तेव्हा प्रोसेसर १४ क्रमांकाचा अपवाद उठवतो. कर्नल वही बघतं. नोंद असेल तर पान देतं आणि तीच सूचना पुन्हा चालवायला लावतं, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. नोंद नसेल तरच सेगफॉल्ट. रोजच्या हजारो पेज फॉल्टांत जीव जाणारा एखादाच.

शून्यपत्ता | मंगळवार, २२:१५

आज चारही कोअर घेऊन बसले. आधी १८४० वाल्याबद्दल, तो मला पाठ झालाय.

एरर कोड ६. सूचना म्हणजे एक व्हेक्टर स्टोअर, आरडीआय नावाच्या रजिस्टरमधल्या पत्त्यावर ३२ बाइट लिहायचे. आणि गंमत इथे आहे. सेगफॉल्ट १८४० वर झाला असं लॉग सांगतो, पण आरडीआयमध्ये १८४० नाहीच. तिथे चांगला लांबलचक एमएमॅपच्या (कर्नलकडून मागून घेतलेल्या मेमरीच्या) भागातला पत्ता आहे, शेवटची तीन हेक्स घरं शून्य. तो पत्ता आमच्या बफरातच पडतो, मी मॅप काढून ताडून पाहिलं. म्हणजे सूचना एका पत्त्यावर लिहीत होती आणि फॉल्ट भलत्याच पत्त्यावर झाला!

३९८० आणि ७२०० हुबेहूब तसेच. तोच आयपी, आरडीआयच्या शेवटी तीन शून्यं, एरर ६.

१८ वाला मात्र वेगळा दिसतोय. आयपी आमच्या स्वतःच्या कोडमधला, एरर ४. तो बाजूला ठेवलाय.

तो व्हेक्टर स्टोअर एका तयार लायब्ररीतल्या कॉपी रूटीनमधला आहे. हाताने लिहिलेली असेंब्ली. बाकी आमचा सगळा कोड फ्रेम पॉइंटर (चालू फंक्शनचा स्टॅकवरचा ठिकाणा) ठेवून कंपाइल केलेला आहे, कॉलचेन नीट दिसावी म्हणून.

उलटतपासणी | मंगळवार, २२:३३

१८४०, ३९८०, ७२००. तिन्हींना हेक्स ४० ने, म्हणजे ६४ ने भागा. निःशेष भाग जातो. हे पत्ते नाहीत हो, ही मोजदाद आहे! "अजून इतके बाइट कॉपी करायचे राहिले" असा काउंटर, फेरीला ६४ ने उतरणारा. कॉपी रूटीन तो कुठल्या रजिस्टरात ठेवतं ते बघा.

शून्यपत्ता | मंगळवार, २२:४१

आरबीपी.

कोअरमध्ये आरबीपी = १८४०. दुसऱ्यात ३९८०. तिसऱ्यात ७२००.

माझे हात थरथरताहेत.

टिंबटिंब | मंगळवार, २२:४२

माझेही, आणि मला तर काही कळलेलंही नाही.

मेमरीवाला | मंगळवार, २२:५०

पण ती सूचना आरबीपी वापरतच नाही ना? मग तिथला आकडा पत्ता म्हणून आला कुठून?

रिंगमास्तर | मंगळवार, २३:३०

@मेमरीवाला, नेमका प्रश्न विचारलात. आरबीपीतल्या आकड्याला "हा पत्ता आहे" असं समजून मेमरीत डोकावणारं या सगळ्या प्रसंगात एकच कोणी आहे: कॉलचेन गोळा करणारा पर्फ. आता उलगडतो.

पेज फॉल्ट झाला की प्रोसेसर दोन गोष्टी मागे ठेवतो. एक एरर कोड: तो स्टॅकवर ढकलला जातो, त्यामुळे फॉल्टमध्ये फॉल्ट झाला तरी आधीचा खाली सुरक्षित असतो. दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता. तो स्टॅकवर जात नाही. तो सीआर२ नावाच्या रजिस्टरात लिहिला जातो आणि असं रजिस्टर प्रत्येक लॉजिकल सीपीयूला एकच. पाटीवर लिहिल्यासारखं आहे ते. पुढचा फॉल्ट आला की आधीचं पुसलं.

शून्यपत्ताताईंचा लूप नव्या कोऱ्या पानावर पोचतो (शेवटची तीन शून्यं म्हणजे पानाची पहिलीच जागा). लिहायला जातो, फॉल्ट होतो. स्टॅकवर ६, म्हणजे यूजर मोड, लेखन, पान जागेवर नाही. सीआर२ मध्ये आरडीआयचा खरा पत्ता. इथवर सगळं रोजचंच. कर्नलमध्ये शिरताना, सीआर२ अजून कुणी वाचलेलं नसताना, वाटेत एक ट्रेसपॉइंट लागतो. तिथे पर्फ जागा होतो, आरबीपी उचलतो, हा फ्रेम पॉइंटर आहे असं धरून चालतो आणि १८४० वरचे आठ बाइट वाचायला जातो. तिथे काहीच मॅप नाही. दुसरा फॉल्ट. कर्नलने याची तयारी ठेवलेली असते, तो हळूच मागे फिरतो, पर्फ म्हणतो साखळी इथे तुटली आणि गप्प बसतो. पण जाताना पाटीवर १८४० लिहून गेला. मग मूळ हँडलर येतो, सीआर२ वाचतो, वहीत १८४० ची नोंद शोधतो. नाही. मारा सेगफॉल्ट.

म्हणून एरर कोड खऱ्या फॉल्टचा आणि पत्ता दुसऱ्याच फॉल्टचा. एकाच ओळीत दोन फॉल्टांची सरमिसळ.

ट्रेसपॉइंट कोणता होता ते मात्र सांगा. वाटेत नेमका कुठे लागतो त्यावर सगळं अवलंबून आहे.

वाचनमात्र | मंगळवार, २३:३४

_/\_

नवखी | बुधवार, ०९:०२

कर्नलने स्वतः वाईट पत्ता वाचला तर ऊप्स (कर्नलचा अपघात-अहवाल) येतो ना? इथे कसा आला नाही?

रिंगमास्तर | बुधवार, ०९:४०

यूजरची मेमरी वाचणाऱ्या ठरावीक सूचनांची कर्नलकडे एक यादी असते, एक्सेप्शन टेबल. "या पत्त्यावरची सूचना अडखळली तर अमुक ठिकाणी उडी मार." फॉल्ट त्या यादीतल्या सूचनेवर झाला तर ऊप्स नाही, नुसतं "वाचता आलं नाही" असं उत्तर मिळतं. म्हणूनच हा बग इतका मुका आहे. लॉगमध्ये दुसऱ्या फॉल्टचा मागमूसही नाही.

उलटतपासणी | बुधवार, १०:१५

मान्य, पण एक खटकतं. हे असंच असेल तर फ्रेम पॉइंटर न ठेवता कंपाइल केलेला प्रत्येक प्रोग्रॅम पर्फ लावताच मरायला हवा. आरबीपीत वाट्टेल ते असतं. दोन-तीन दिवसांतून एकदाच का? आणि क्यूईएमयूत कधीच का नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत मी टाळ्या वाजवणार नाही.

फुकटसल्ला | बुधवार, १०:२२

कर्नल अपग्रेड करा आणि मोकळे व्हा की. ४.१९ कशाला कवटाळून बसायचं?

उलटतपासणी | बुधवार, १०:२५

आणि अपग्रेड केल्यावर दोन-तीन दिवसांतून एकदा येणारा बग गेला की लपला, हे तुम्ही किती आठवडे बसून ठरवणार?

शून्यपत्ता | बुधवार, १३:१०

ट्रेसपॉइंट: कॉन्टेक्स्ट ट्रॅकिंगमधले (सीपीयू यूजर मोडमध्ये आहे की कर्नलमध्ये ते टिपणारे) यूजर_एंटर आणि यूजर_एक्झिट. आमचे थ्रेड सुखाने यूजर मोडमध्ये फिरत असताना त्यांना कर्नलमध्ये कोण ओढतं, हेच तर शोधायचं होतं.

उलटतपासणी | बुधवार, १३:१८

थांबा, थांबा. सर्व्हरच्या बूट पॅरामीटरमध्ये नोहर्ट्झ_फुल (ठरावीक सीपीयूंवरची टायमरची टिकटिक थांबवणारा पर्याय) आहे का? आणि क्यूईएमयूत?

शून्यपत्ता | बुधवार, १३:५५

सर्व्हरवर आहे, सीपीयू २ ते ७. कामाचे थ्रेड त्यांनाच बांधलेत.

क्यूईएमयूत नाही. आणि नोहर्ट्झ_फुल नसलेल्या सीपीयूवर हा ट्रेसपॉइंट कधी लागतच नाही. क्यूईएमयूतली पर्फची फाइल आत्ता, आयुष्यात पहिल्यांदा, उघडून पाहिली. शून्य नमुने. आठ दिवस मी न चालणारं ट्रेसिंग चालवून "बघा, इथे बग येत नाही" म्हणत होते.

जमिनीने पोटात घ्यावं असं झालंय.

टिंबटिंब | बुधवार, १३:५७

जमीन पण मॅप केलेली आहे का आधी बघून घ्या.

जुनं_खोड | बुधवार, १५:०५

अहो, लाजू नका. मी एकदा चार दिवस चुकीच्या मशीनवर लॉग-इन करून बग शोधत होतो.

उलटतपासणीबुवांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं. आरबीपीतला भलता पत्ता वहीत नोंद असलेल्या भागात पडला तर काहीच बिघडत नाही. कर्नल चुकून भलतंच पान आणून ठेवतं, मूळ सूचना पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट होतो, पण या खेपेला पर्फला ते पान हजर सापडतं. दुसरा फॉल्ट नाही, पाटी शाबूत, काम पुढे. एक पान फुकट गेलं इतकंच. मरण तेव्हाच, जेव्हा आरबीपी साफ बाहेरचा असतो. ताईंचा सगळा कोड फ्रेम पॉइंटरवाला, त्या सहा सीपीयूंवर दुसरं कुणी फिरकत नाही, आणि ते एकच रूटीन आरबीपी मोजायला वापरतं.

तरी दोन-तीन दिवस का लागतात ते त्यांनीच सांगावं. बफर दर वेळी नवा घेता का जुनाच वापरता?

शून्यपत्ता | बुधवार, १५:४०

जुनाच! बफरांचा पूल आहे, एकदा हात लागलेली पानं हजरच असतात. पूल अपुरा पडला तरच नवा एमएमॅप होतो, आणि असं फार क्वचित होतं. ते नेमकं पर्फच्या दहा सेकंदांत व्हायला हवं. बसलं, सगळं बसलं.

रिंगमास्तर | बुधवार, १६:२०

मग आता दोन-तीन दिवस कशाला थांबता? छोटा सी प्रोग्रॅम लिहा. थ्रेड सीपीयू ३ ला बांधा. एक कोरं पान एमएमॅप करा. इनलाइन असेंब्लीत आरबीपी बाजूला ठेवा, त्यात हेक्स ५००० भरा, पानावर एक बाइट लिहा, आरबीपी परत जागेवर. पान सोडून द्या. हे हजारदा. आधी पर्फशिवाय, मग पर्फ लावून, मग तेच सीपीयू ० ला बांधून.

शून्यपत्ता | बुधवार, १८:५२

पर्फशिवाय: हजार फेऱ्या, जिवंत.
पर्फसह, सीपीयू ३: पहिल्याच फेरीत मेला. सेगफॉल्ट ५००० वर, एरर ६.
पर्फसह, सीपीयू ०: हजार फेऱ्या, जिवंत.
पर्फसह, सीपीयू ३, पण कॉलचेन न मागता: जिवंत.

क्यूईएमयूत नोहर्ट्झ_फुल देऊन: पहिल्याच फेरीत मेला. मी खुर्चीतून उठून नाचले.

उलटतपासणी | बुधवार, १८:५५

टाळ्या.

रिंगमास्तर | बुधवार, २०:१०

आता इतिहास, कारण हा बग तुमचा एकटीचा नाही. पेज फॉल्टचे स्वतःचे ट्रेसपॉइंट आले ३.१३ मध्ये. त्यांचं लगेचच हेच झालं. फॉल्टचा ट्रेसपॉइंट आधी, सीआर२ चं वाचन नंतर. कॉलचेनसकट रेकॉर्ड केलं की फाइलींची यादी दाखवणारा साधा एलएससुद्धा मरायचा. २०१४ च्या मार्चमध्ये यिरी ओल्सा यांनी ते दुरुस्त केलं, हँडलरमध्ये शिरल्या शिरल्या सीआर२ वाचून ठेवायचं आणि मगच ट्रेसपॉइंट.

पण हँडलरच्याही आधी असेंब्लीतला प्रवेशाचा तुकडा असतो, त्यात "इंटरप्ट बंद झाले", "यूजरमधून आलो" असं सांगणाऱ्या हाका होत्या, आणि त्यांनाही ट्रेसपॉइंट जोडलेले. ती भोकं २०१९ च्या जुलैत पीटर झाइल्स्ट्रा यांनी बुजवली, ५.३ च्या तयारीत. सीआर२ असेंब्लीतच, कुठल्याही हाकेआधी वाचायचं आणि हँडलरला तिसरा आर्ग्युमेंट म्हणून हातात द्यायचं. तुमचं झाड (कर्नलचा सोर्स) त्याआधीचं आहे. पॅच उचलून आणा किंवा पुढे सरका. तोवर कॉलचेन बंद.

फुकटसल्ला | बुधवार, २०:१४

म्हणजे अपग्रेडच. मी सकाळीच म्हटलं होतं.

जुनं_खोड | बुधवार, २१:३०

हँडलरमध्ये ट्रेसिंग आणि ट्रेसिंगमध्ये फॉल्ट, या जोडीचा आणखी एक प्रकार होता. पूर्वी व्हीमॅलॉकने घेतलेली कर्नलची मेमरी प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलात लगेच दिसेलच असं नव्हतं. पहिल्यांदा हात लागला की फॉल्ट व्हायचा आणि तेव्हा वरच्या पातळीची नोंद उतरवून घेतली जायची. आळशी कारभार. आता पेज फॉल्टचं ट्रेसिंग लावा आणि त्या ट्रेसिंगलाच व्हीमॅलॉकमधली एखादी वस्तू वाचावी लागू द्या. फॉल्ट, त्यात ट्रेसिंग, त्यात फॉल्ट, त्यात ट्रेसिंग. मशीन जागच्या जागी थिजायचं, लॉगही नाही. २०२० मध्ये ५.८ च्या सुमारास तो आळशी मार्ग ६४-बिटवरून काढून टाकला.

शुद्धलेखक | बुधवार, २१:४१

गैरहजेरीची नोंद करायला गेलेला शिपाईच गैरहजर.

शून्यपत्ता | शनिवार, १९:२०

अपडेट. पॅच आमच्या झाडावर जसाच्या तसा बसत नव्हता. प्रवेशाच्या असेंब्लीत मध्यंतरी बरंच हललं होतं, त्यामुळे दोन दिवस त्यातच गेले. आता छोटा प्रोग्रॅम पर्फ आणि कॉलचेन लावून सीपीयू २ ते ७ वर रात्रभर फिरवला, एकदाही मेला नाही. पॅच काढला की पहिल्याच फेरीत मरतो. दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं, म्हणून सोमवारी हे कर्नल सर्व्हरवर जाणार. तो प्रोग्रॅम आता आमच्या रोजच्या चाचण्यांत घातलाय.

राहिला चौथा कोअर, १८ वाला. बाजूला ठेवून जवळजवळ विसरलेच होते. आज दुपारी उघडला. एरर ४, म्हणजे यूजर मोडमधून वाचन. सूचना आरएएक्स अधिक १८ वरून वाचत होती, आरएएक्स शून्य. सीआर२ खरं बोलत होतं. कनेक्शन बंद होताना एका स्ट्रक्टचा पॉइंटर आधीच नल केलेला आणि दुसरा थ्रेड त्यातलं १८ ऑफसेटचं फील्ड वाचायला येतो. आमचीच रेस, पर्फमुळे टायमिंग सरकलं की उघडी पडणारी. दहा मिनिटांत दुरुस्त झाली. @अर्धा_बाइट, हे सांगायचं राहिलं होतं.

अर्धा_बाइट | शनिवार, १९:२६

म्हणजे चारातला एक तरी माझा. मंगळवारी सकाळी साडेसातला सांगितला होता, नोंद घ्यावी.